बाळंतिणीच्या खोलीतली पिल्लं

माझी सासू मला आवडत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलायचा रिवाज आहे. मला तो जमत नाही. ती होती तोवर आम्ही दोघी एकाच चुलीवर भाकरी भाजत होतो आणि एकमेकींचं तोंड पाहायला राजी नव्हतो. तिला मी नको होते आणि मला ती. पण गाव लहान, कामरगावच्या अलीकडचं, घर तीन खोल्यांचं. तोंड लपवून जाणार कुठं?

सासऱ्यांना मी पाहिलंच नाही. घरात सासू, तिचा एकुलता एक मुलगा म्हणजे माझा नवरा, आणि मी. स्वयंपाकाच्या खोलीला लागून एक काळोखी खोली होती. तिला छताजवळ हातभर झरोका होता, बाकी चारी भिंती मातीच्या. एरवी तिच्यात कणगी आणि रिकामी पोती पडलेली असायची, पण तिचं नाव बाळंतिणीची खोली. माझी दोन मुलं त्या खोलीत जन्मली आणि त्याच खोलीत गेली. आधी मुलगा, मग मुलगी. एकाचंही बारसं झालं नाही. ती कशी गेली ते मी इथं लिहिणार नाही. त्यानंतर सासू काय म्हणाली ते लिहिते.

ती म्हणाली, "इच्या हाताले जीव नाई टिकत."

हे ती मला एकटीला म्हणाली असती तर मी गिळलं असतं. पण तिनं ते विहिरीवर सांगितलं, कापूस वेचताना सांगितलं, दळणाला बसल्यावर सांगितलं. पुढं पुढं तिला कारणही लागेनासं झालं. दही लागलं नाही, माझा हात. तुळस वाळली, माझा हात. शेजाऱ्यांची शेळी गाभडली, तर मी सकाळी तिच्या अंगावरून हात फिरवला होता हे तिला बरोबर आठवलं. मग एक दिवस तिनं धनजकडच्या आपल्या भावाला निरोप धाडला. त्याची एक मुलगी लग्नाची होती. भाचीला सून करून आणायची, म्हणजे माझ्या उरावर सवत आणून बसवायची, असं तिच्या मनात होतं आणि ते तिनं लपवलं नाही. एक बायको असताना दुसरी करायची नाही असा कायदा झाला होता की व्हायचा होता, आमच्या गावाला त्याची कोणी खबर दिली नव्हती.

नवरा हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. घरात आवाज चढले की त्याला बैलांची आठवण यायची. तो वाईट नव्हता. पण ज्याच्या भरवशावर रागवावं असा माणूस तो नव्हता.

याच सुमारास गावात सरकारी जीप यायला लागली. तिच्यातून एक ग्रामसेविका उतरायची, मनगटाला घड्याळ, खांद्याला पिशवी, वयानं माझ्याएवढीच असेल. ती बायकांना जमवून शोषखड्डे, धूर न होणारी चूल असलं काहीबाही सांगायची. त्या हिवाळ्यात तिनं विलायती कोंबड्यांची पिल्लं आणायचं काढलं. सरकारी केंद्रातून येतात, यंत्रात उबवलेली असतात, मोठी झाली की आपल्या गावरान कोंबडीच्या दुप्पट अंडी देतात, असं तिचं म्हणणं. यंत्रात उबवलेली म्हटल्यावर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. घ्यायला कोणी पुढं आलं नाही. तेव्हा तिच्यासोबतच्या साहेबानं चावडीवर सगळ्यांदेखत माझ्या नवऱ्यालाच विचारलं, आणि त्यानं मान हलवली. त्याला कोणाला नाही म्हणता येत नसे. या दुर्गुणाचा मला आयुष्यात एवढा एकदाच फायदा झाला.

पिल्लं भोकं पाडलेल्या खोक्यातून आली. एका दिवसाची, पिवळी, नुसता लवेचा गोळा. अंगण बायकांनी भरलं. सासू ओट्यावर बसून पाहत होती. बिनआईचे पिल्ले घरात आणले, आता काय पाहायचं राह्यलं, असं पुटपुटली. ग्रामसेविका मला सगळं समजावून जीपमध्ये बसली, आणि जीप पांदणीतून दिसेनाशी झाल्यावर सासूला कंठ फुटला. कोणाच्या हातात देल्ले पाहा, म्हणाली. शेजारची आजी, जी आमच्या सासूपेक्षा वयानं मोठी आणि जिभेनं तिखट होती, तिनं विचारलं, आणि जगली तर? सासूला चेव चढला. सगळ्यांकडे हात करून ती बोलली.

"हे पिल्ले इच्या हातानं जगले अन् या आंगणात चरले, तं म्या सवतीचं नाव काढत नाई. तुमी साऱ्या साक्षी."

बायका हसल्या, कारण पैज लावण्याजोगी ती गोष्टच नव्हती. शेजारची आजी हसली नाही. "बोल्ली हायेस, ध्यानात ठेवजो," एवढं म्हणून ती घरी गेली. मी खोका उचलला. त्या क्षणी मला कोणी विळा दिला असता तर मी काय केलं असतं कोण जाणे.

आता पिल्लं ठेवायची कुठं? आमच्याकडं पिल्लं खुडूक कोंबडीच्या पंखाखाली वाढतात. उबेची काळजी ती करते, मांजरावर धावून ती जाते, माणसानं रात्री डालं झाकलं की काम संपलं. यांना आई नव्हती. ग्रामसेविकेनं सांगितलं होतं की अंगावर पिसं येईपर्यंत यांना घरातच ठेवा, ऊब द्या, खाली कोरडं अंथरा, कोपरा ठेवू नका, कारण घाबरली की कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची चेंगरून मरतात. हवा खेळती ठेवा असंही ती बोलली होती. ते माझ्या कानावरून गेलं. कारण लहान जीवाला वारा लागू द्यायचा नसतो हे मला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं होतं.

घरात गरम राहील अशी एकच खोली होती. मी कणगी बाहेर ओढली, खोली झाडली, सारवली, निखारे ठेवून सारवण सुकवलं. तुरीचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, जाड अंथरलं. कोपरे बंद व्हावेत म्हणून बांबूचा तट्टा गोल वाकवून भिंतीच्या आत लावला, दाराच्या बाजूला मात्र तो उघडा ठेवला. मधोमध शेगडी, तिच्याभोवती विटा. पाण्याच्या परळात खडे टाकले, म्हणजे पिल्लू बुडू नये. आणि मग, कोणी न सांगता, मी झरोक्यात गोधडी कोंबली आणि दाराखालच्या फटीत पोतं. तिथं लहान जीव ठेवायचा म्हणजे असंच करायचं असतं. मी दोनदा त्या खोलीत बाळंतीण होऊन निजले होते, मला दुसरं काय ठाऊक?

दिवेलागणीला सासू आली. हातात मातीच्या खापरात विस्तव, आणि पदरात ओवा, लसणाची सालं, कडुनिंबाचा पाला. मी दारात आडवी झाले. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"लहान जीव हाये. धुरी देल्याशिवाय कसा टिकन?" म्हणाली.

ती आत बसली आणि तिनं धुरी दिली. चारी दिशांना खापर फिरवलं, तोंडानं काहीतरी पुटपुटली. माझ्या मुलांना दिली होती तशीच, त्याच हातानं, त्याच पुटपुटीनं. मला वाटलं, एवढी दुश्मनी, तरी हिला लहान जीवाची कणव आहे. क्षणभर मला ती बरी वाटली. तेवढाच तो क्षण.

सकाळी दार ढकललं तर ते सहज उघडेना. जोर लावून उघडलं. पोत्याला लागून, उंबऱ्याशी, मेलेल्या पिल्लांची रांग पडली होती. चोची सगळ्यांच्या पोत्याच्या बाजूला. काहींनी पोत्याचे धागे उकरले होते. जिवंत होती ती चोच वासून, माना ताणून धापा टाकत होती. खोलीत धूर असा भरला होता की माझे डोळे झोंबले. शेगडी अजून धुमसत होती आणि तिच्याजवळ एकही पिल्लू नव्हतं.

मी एकेक पिल्लू उचलून पाहू लागले. सासू माझ्या मागं येऊन उभी राहिली. तिनं फक्त विचारलं, पाह्यलं? आणि ती चुलीकडं गेली. पाठमोरी असूनही ती खूश झाली हे मला कळलं.

मी तिच्यावर धावून गेले. धुरीत काय घातलं होतंस, असं मी तिला एकेरीवर येऊन विचारलं. शेजारची आजी धावत आली, नवरा गोठ्यातून आला आणि आला तसा परत गेला. सासूनं मुलाच्या डोक्याची शपथ घेतली की ओवा, सालं आणि पाला, याशिवाय काही नव्हतं. मुलाच्या डोक्याची खोटी शपथ ती घेणार नाही एवढं मलाही ठाऊक होतं. म्हणून मला अधिकच राग आला, कारण मग मला दोष द्यायला कोणी उरेना, आणि तिचं म्हणणं खरं ठरत होतं.

मेलेली पिल्लं सुपात भरताना ते माझ्या ध्यानात आलं. ही थंडीनं गेली असती तर शेगडीजवळ गेली असती. ही तर शेगडीपासून पळाली होती. फटीकडं पळाली होती. मी सूप तिथंच ठेवलं, उखळ आत ओढून त्यावर चढले आणि झरोक्यातली गोधडी ओढून काढली. पोतं काढलं. शेगडी उचलून अंगणात नेली, निखारे फुलून लाल होईस्तोवर तिथंच ठेवली आणि धूर सरल्यावरच आत आणली. सासू ओरडत होती की पौषाचा वारा आत येऊन राह्यला, उरलेले बी मरतीन. मी म्हटलं, मरू द्या. माझ्या हातानं मरायचीच आहेत ना.

एकही मेलं नाही.

ग्रामसेविका पुन्हा आली तेव्हा पिल्लं शेगडीभोवती सैल पसरून बसली होती. ती दारातूनच म्हणाली की यांना मानवलं आहे. शेगडीला चिकटून बसली तर समजायचं थंडी वाजते, लांब पळाली तर उकडतं, अशी पसरून बसली तर सुखात आहेत. मी तिला पहिल्या रात्रीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, कोंडलेला धूर, दुसरं काय. मोठ्या माणसाला खोकला येतो, लहान छातीला तो पेलत नाही.

मी विचारलं, माणसाच्या लेकराचंही तसंच असतं का?

तिला माझं काही माहीत नव्हतं. ती सहज बोलून गेली की हो, तेच तर मी गावोगाव सांगते, बाळंतिणीच्या खोलीत धूर कोंडू नका, झरोका उघडा ठेवा, आणि गावोगाव बायका गोधड्या कोंबतात. मग तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि ती थांबली. पाणी हवं का म्हणून मलाच विचारू लागली, माझ्याच घरात.

ते मी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. माझा हात नव्हता. किती वर्षं मी हा हात पदराखाली धरून गावातून चालत होते, दुसऱ्यांची लेकरं उचलायला घाबरत होते. माझा हात नव्हता, तिचं खापर होतं. रडू यायला हवं होतं. मला नुसता संताप आला, आणि तो मी सांभाळून ठेवला. पिल्लं अंगणात चरेपर्यंत बोलायचं नाही असं मी ठरवलं. आधी पैज जिंकायची, मग तोंड उघडायचं.

तिनंही आपल्या परीनं काही बाकी ठेवलं नाही. घाण वास येतो म्हणून ती नाक धरून वावरायची. ज्वारीच्या कण्या मोजून काढायची, मग मी माझ्या वाटच्या भाकरीचा चुरा पिल्लांना घालू लागले. खोलीचं दार लावलेलं असलं की ते उघडं सापडायचं, आणि गावातली मांजरं आमच्याच ओट्यावर ऊन खायला येऊ लागली. मी दारात बसून तूर पाखडली, दारात बसून वाती वळल्या, दारात बसून जेवले. लोक म्हणायचे, हिनं पिल्लांवर माया लावली. खोटं आहे. अर्धी लव, अर्धी पिसं, मधूनच उघडं कातडं, दिसायला इतकी कुरूप झाली होती ती की माया लावावी असं त्यांच्यात काही नव्हतं. मला ती जिवंत हवी होती, बस.

पिसं भरली तशी मी शेगडी कमी केली, आधी दुपारची, मग संध्याकाळची, कारण उबेतनं एकदम उचलून अंगणात टाकलेला जीव गारठतो. मग दुपारच्या उन्हात त्यांना अंगणात नेऊन डाल्याखाली ठेवू लागले. पहिल्या दिवशी ती उन्हालाच घाबरली. डाल्याच्या एका बाजूला सगळी एकमेकांना चिकटून उभी, माती उकरायची असते हेही त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आमची गावरान कोंबडी डाल्याच्या काड्यांतून चोच घालून त्यांना टोचायला बघायची. मी तिला ढेकूळ मारून हाकलायची. हळूहळू त्यांनी एक पाय टाकला, एक किडा धरला, अंगावर धूळ उडवून घेतली. तिन्हीसांजेला पुन्हा आत. असं करत करत ती घरापेक्षा अंगणालाच जास्त रुळली. मग मी अंगणाच्या एका बाजूला बोराट्यांचं कुंपण घातलं, घारीसाठी वरून जुनं जाळं ताणलं, आणि त्यांना मोकळं सोडायचं ठरवलं.

नेमका त्याच दिवशी सासूचा भाऊ आला. योगायोग नव्हता तो; तिनंच बोलावलं होतं, बोलणी पक्की करायला. तो ओट्यावर टोपी काढून बसला. शेजारची आजी आली, तिच्यामागं आणखी बायका आल्या, कारण सासूचं बोलणं कोणी विसरलं नव्हतं. मी डालं उचललं. पांढरी पिल्लं अंगणभर पसरली आणि माती उकरू लागली.

आजी म्हणाली, आता बोल.

सासू भावाकडं पाहत म्हणाली की बोलण्यात माणूस काहीबी बोलते, कोंबडीचे पिल्ले अन् माणसाचे लेकरं एक असते काय. हात थो हातच. बायका कुजबुजल्या, पण कोणी तिच्या तोंडी लागेना. भाऊ समजूतदारपणे मान हलवत होता. माझ्या लक्षात आलं की ही आता पैज मोडणार. दिलेला शब्द ही खाणार आणि सगळे तिला खाऊ देणार. मग मी बोलले.

"हात थोच हाये, आत्याबाई. खोलीबी थेच हाये. म्या फक्त झरोका उघडला. माहे लेकरं माह्या हातानं नाई मेले. तुमी कोंडलेल्या धुरानं मेले."

मला वाटलं ती आता अंगावर येईल. मी तयार होते. ती आली नाही. ती पिल्लांकडं पाहत होती, की त्यांच्या पलीकडं, मला सांगता येणार नाही. भाऊ काहीतरी म्हणायला गेला, तिनं हातानंच त्याला गप्प केलं. मग अगदी खालच्या आवाजात, माझ्याशी ती त्या आवाजात कधीच बोलली नव्हती, तिनं मला विचारलं.

"मंग माहे?"

गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, पण तिच्याविषयी विचार करायची मला सवयच नव्हती. माझ्या नवऱ्याच्या आधी आणि नंतर तिची जेवढी बाळंतपणं झाली ती सगळी त्याच खोलीत, आणि त्यातलं एकही लेकरू उरलं नाही. माझा नवरा तेवढा उरला. कापूस वेचता वेचता तिचं पोट दुखायला लागलं, घर गाठता आलं नाही, आणि तो वावरातल्या उघड्या खोपीत जन्मला. अवकाळी पावसानं पाऊलवाट चिखलात बंद म्हणून तिचे पहिले दिवस तिथंच गेले. वावरातल्या देवानं राखला, असं ती दर वर्षी नारळ फोडताना सांगायची.

मला उत्तर द्यायचंच होतं असं नाही. मी गप्प बसले असते तरी पैज मी जिंकलेलीच होते.

"थेबी," मी म्हटलं.

मला तिची दया आली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. आली नाही. बायका एकेक करून उठून गेल्या. तिनं भावाला सांगितलं की पोरीसाठी दुसरं घर पाहा, आणि तो टोपी घालून निघाला. ती ओट्यावरून हलली नाही. ऊन अंगणातून सरकून भिंतीवर गेलं तरी तशीच बसली होती.

नवरा बैल सोडून आला. चूल पेटली नाही हे पाहून त्यानं विचारलं की आज भाकरी नाही का. ती त्याच्याकडं पाहत राहिली, नुसती पाहत राहिली, तो ओशाळून पाय धुवायला जाईपर्यंत. त्याला कोणी काही सांगितलं नाही. मी उठून पिल्लं गोळा केली.